तेंडलीचो फाटो: बी न लावता चालत आलेला इतिहास

(पॉडकास्टच्या ताज्या भागाचा हा लिखित मजकूर. बोलताना जसं आलं तसंच बरंचसं ठेवलंय, फक्त वाचायला सोपं जावं म्हणून मधे मथळे टाकलेत.)



आजचा विषय आहे इटुकली काकडी. हल्ली एक रील सारखं फिरतंय बघा. हाताच्या तळव्यावर द्राक्षाएवढी चार-पाच कलिंगडं ठेवलेली. हिरवी, वर गडद रेघा, आणि मधोमध कापली की आत चक्क काकडी. इंग्रजीत त्याला कुकामेलन म्हणतात. शास्त्रीय नाव मेलोथ्रिया स्काब्रा, मूळ गाव मेक्सिको आणि मध्य अमेरिका. तिथले लोक त्याला स्पॅनिशमध्ये ‘सांदियिता’, म्हणजे छोटं कलिंगड असं म्हणतात. १८६६ मध्ये शार्ल नोदँ या फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञाने त्याची शास्त्रीय नोंद केली. आता ऑनलाइन बियांच्या दुकानांत त्याची पाकिटं मिळतात आणि गच्चीवर बाग करणारे हौसेने ती मागवतात.

मागवा की, काहीच हरकत नाही. पण हे रील बघताना कोकणातल्या माणसाच्या मनात एक प्रश्न येतोच. बोटाएवढी, रेघारेघांची, काकडीच्याच घराण्यातली आणि घरच्या मांडवावर वाढणारी फळं आपल्याकडे कधीपासून आहेत? त्याला आपण तोंडली म्हणतो. मालवणीत तेंडली. ताटात दिसली की निम्म्या पोरांची नाकं मुरडतात, तीच.

तर आज तोंडलीचा इतिहास. भाजीचा कसला आलाय इतिहास, असं वाटत असेल तर दहा मिनिटं थांबा. यात कालिदास आहे, कोचीनचे कोकणी वैद्य आहेत, पुण्यातली एक भारी प्रयोगशाळा-गोष्ट आहे आणि हवाई बेटांवरचं एक युद्धही आहे. पण सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे यात एक अशी वस्तू आहे, जी तुम्ही आत्ता सांभाळली नाही तर कुठल्याही ॲपवरून परत मागवता येणार नाही.

धामापूर: तळ्याची नोंद आणि परड्याची

गोष्ट सुरू करूया धामापूरपासून. मालवण तालुका, सिंधुदुर्ग जिल्हा. कुडाळहून मालवणला जाताना वाटेत डोंगरांच्या कुशीत एक मोठं तळं लागतं, काठावर भगवती देवीचं देऊळ. हे तळं १५३० सालचं. विजयनगरच्या काळातले मांडलिक नागेश देसाई यांनी ते बांधलं असं सांगितलं जातं. डोंगरांमधल्या खिंडीत मातीचा बांध घातला आणि पावसाचं पाणी अडवलं. जवळजवळ पाचशे वर्षं झाली, तळं अजून वापरात आहे. २०२० मध्ये आंतरराष्ट्रीय सिंचन आयोगाने, म्हणजे आयसीआयडीने, त्याला जागतिक वारसा सिंचन स्थळांच्या यादीत घेतलं.

म्हणजे तळ्याला साल आहे, बांधणाऱ्याचं नाव आहे, जागतिक यादीतला मान आहे.

आता कोकणातल्या कुठल्याही वाडीत घराच्या मागच्या बाजूला या. परडा. न्हाणीचं सांडपाणी जिथे जातं तिथे एक आळू, एक केळ, आणि माणग्याच्या काठ्या सुंभाने बांधून केलेला मांडव. मालवणीत माटव. त्यावर पावसाळ्यात काय काय चढतं! काकडी, दोडकी, पडवळ, कारली. पुढे मळ्यात चिबूड. ही सगळी पाहुणी मंडळी. पावसाबरोबर येतात आणि दिवाळीच्या आसपास वाळून जातात. तोंडली मात्र घरचीच. तिची मुळं जाड असतात, जमिनीत टिकतात. पावसाळा संपल्यावर कोकणात जवळजवळ आठ महिने आभाळातून थेंब पडत नाही, तरी न्हाणीच्या पाण्यावर ती तग धरते. वरून वाळल्यासारखी वाटली तरी पहिल्या पावसात पुन्हा फुटते. एकदा लावलेली वेल चांगली काळजी घेतली तर काही वर्षं फळ देते.

या वेलीची नोंद कुठे आहे? कुठेच नाही. पण ती आहे, आणि तळ्याइतकीच पाण्याच्या हिशेबावर उभी आहे. गावाचं पाणी तळ्याने अडवलं, घराचं पाणी परड्याने. पहिल्याला आपण वारसा म्हणतो. दुसऱ्याला काय म्हणायचं ते आज शोधूया.

ओठ, वैद्य आणि मंद बुद्धी

आधी कागदावर काय सापडतं ते बघू.

संस्कृतात तोंडलीला बिंब किंवा बिंबी म्हणतात. नाव ओळखीचं वाटतंय ना? बिंबाधर, बिंबोष्ठ हे शब्द शाळेत कानावरून गेले असतील. पिकलेलं तोंडलं तुम्ही पाहिलंय का? बाजारात ते कधी दिसत नाही, कारण विकणारा ते आधीच बाजूला काढतो. पण वेलीवर विसरलेलं एखादं तोंडलं पिकतं तेव्हा ते असं लालभडक होतं की पानांत दिवा लागल्यासारखं दिसतं. कालिदासाने मेघदूतात यक्षाच्या पत्नीच्या ओठांना याच पिकलेल्या बिंबाची उपमा दिली. पुढे शतकानुशतकं संस्कृत कवी तीच उपमा वापरत राहिले. तर, ज्या भाजीला तुम्ही नाक मुरडता ती एके काळी सौंदर्याचं माप होती.

वैद्यांनी तिच्याकडे वेगळ्या नजरेने पाहिलं. चरकसंहितेत बिंबीचं नाव वमनाला, म्हणजे उलटी घडवून आणायला, मदत करणाऱ्या वनस्पतींच्या गटात येतं. आता तुम्ही म्हणाल, आपण तर मसालेभातात घालतो, आणि उलटी कशी? याचं उत्तर रानात आहे. कुंपणावर, झुडपांवर आपोआप उगवणारी रानतोंडली बहुतेक वेळा कडू असते. हे लक्षात ठेवा. पुढे हाच धागा कामाला येणार आहे.

आणि तिसरी गोष्ट तर घराघरात आहे. ‘तोंडली खाऊ नकोस, बुद्धी मंद होते.’ परीक्षेच्या दिवसांत तर हमखास. ही समजूत आजीने काढलेली नाही. संस्कृतात एक जुनं वचन आहे, त्यात म्हटलंय की तुंडी बुद्धी हरते आणि वेखंड बुद्धी देतं. तुंडी म्हणजे तोंडली. आपला तोंडली हा शब्द, कानडीतला तोंडेकाई आणि तेलुगूतला दोंडकाय हे शब्द एकमेकांशेजारी ठेवून म्हणून बघा, नात्यातले वाटतात. आजच्या पोषणशास्त्रात या समजुतीला काही आधार नाही. तोंडली खाऊन पिढ्यान्‌पिढ्या कोकणातली पोरं बोर्डात वर आलेली आहेत. पण गंमत बघा, एका भाजीबद्दलची अफवा शेकडो वर्षं टिकली, आणि ती अफवा सांगणाऱ्या घराच्या मागेच तिची वेलही टिकली.

कोचीनचे तीन कोकणी वैद्य

आता सतराव्या शतकात, जरा दक्षिणेला जाऊ. कोचीनला डचांची सत्ता होती आणि हेन्ड्रिक व्हान रीड हा तिथला गव्हर्नर. त्याने मलबारच्या वनस्पतींवर एक प्रचंड ग्रंथ करायला घेतला, ‘होर्टुस मलबारिकुस’. १६७८ ते १६९३ या काळात ॲम्स्टरडॅममध्ये त्याचे १२ खंड छापले गेले. त्यातल्या आठव्या खंडात, १६८८ मध्ये, एक वेल येते. नाव दिलंय ‘कोवेल’. मल्याळममध्ये आजही तोंडलीला कोवक्का म्हणतात. म्हणजे ही आपलीच तोंडली.

यात आपला संबंध काय? हा ग्रंथ करायला स्थानिक वैद्य लागले. इट्टी अच्युतन हे केरळचे वैद्य त्यात होते, आणि त्यांच्याबरोबर तीन कोकणी वैद्यही होते: रंग भट, विनायक पंडित आणि आपू भट. पोर्तुगीज काळात गोव्यातून कोचीनला गेलेल्या कोकणी समाजातले हे लोक. आपण हे काम केलं असं त्यांनी १६७५ मध्ये लिहून दिलं, ते नागरी लिपीत. आणि ते पत्र ग्रंथाच्या पहिल्या खंडात तसंच छापलंय. कोकण किनाऱ्यावरच्या माणसांनी आपलं वनस्पतींचं ज्ञान नाव आणि सही करून युरोपला दिलं, त्याचा हा दुर्मिळ पुरावा.

त्यानंतर मग नावं ठेवण्याचा कार्यक्रम सुरू झाला. १७६७ मध्ये लिनियसने तिला ब्रायोनिया ग्रँडिस म्हटलं. १८३४ मध्ये रॉबर्ट वाइट आणि जॉर्ज वॉकर-आर्नॉट यांनी तिच्यासाठी ‘कॉक्सिनिया’ हे नवं कूळनाव काढलं. लॅटिनमध्ये कॉक्सिनियस म्हणजे लालभडक. बघा, कालिदासाला जे दिसलं तेच त्यांनाही दिसलं! १८४५ पासून तिचं नाव कॉक्सिनिया ग्रँडिस असं आहे.

अजून एक धक्का. कॉक्सिनिया हे कूळ मुळात आफ्रिकेचं. त्यात पंचवीसच्या आसपास जाती आहेत, आणि त्यातली आशियात पोचलेली एकटी म्हणजे तोंडली. खरी काकडी मात्र आपल्याकडची. तिचे रानटी पूर्वज आजही हिमालयाच्या पायथ्याशी उगवतात, छोटे आणि कडू. थोडक्यात, काकडी इथून जगभर गेली आणि तिची आफ्रिकन चुलतबहीण इथे येऊन आपल्या परड्यात घरची झाली.

पुणे, १९४०

आता माझ्या सगळ्यात आवडत्या भागाकडे येतो.

माणसात मुलगा की मुलगी हे एक्स आणि वाय गुणसूत्रांवर ठरतं, हे दहावीला शिकलोच. झाडांमध्ये असं फार क्वचित असतं. बहुतेक झाडांना एकाच फुलात नर-मादी दोन्ही भाग असतात, किंवा काकडीसारखं एकाच वेलीवर नर फुलं वेगळी आणि मादी फुलं वेगळी. तोंडलीचं तसं नाही. तिची वेलच नर असते किंवा मादी.

१९४० मध्ये एल. एस. एस. कुमार आणि जी. बी. देवडीकर या पुण्यात काम करणाऱ्या दोन शास्त्रज्ञांनी ‘करंट सायन्स’ या नियतकालिकात एक छोटा लेख लिहिला, तोंडलीच्या लिंग-गुणसूत्रांवर. तोंडलीत २४ गुणसूत्रं असतात. नर वेलीत त्यातलं एक वेगळंच मोठं दिसतं, ते वाय. म्हणजे माणसासारखाच हिशेब, मादी एक्स-एक्स आणि नर एक्स-वाय. पुढे २०१३ मध्ये म्युनिकच्या संशोधकांनी आधुनिक तंत्राने तपासलं तेव्हा कळलं की वाय आणि बाकीच्या गुणसूत्रांमधला एवढा मोठा फरक सपुष्प वनस्पतींमध्ये आणखी कुठे पाहिलेला नाही. आणि २०१४ मध्ये पुण्याच्याच आयसरच्या संशोधकांनी नर, मादी आणि एका तिसऱ्याच प्रकारच्या वेलीच्या फुलांचा अभ्यास छापला. त्या तिसऱ्या प्रकारात मादी फुलांबरोबर द्विलिंगी फुलंही येतात.

जगभरच्या जीवशास्त्रज्ञांना जिच्याबद्दल कुतूहल आहे ती वनस्पती मंडईत वाट्यावर मिळते. आणि तिचं रहस्य पहिल्यांदा उलगडणाऱ्यांत पुण्याचं नाव आहे.

बरं, हे सगळं परड्यातल्या बाईला माहीत असायची गरज होती का? नव्हती. कारण तिने याचं उत्तर आधीच काढून ठेवलं होतं.

वयनी, तेंडलीचो एक फाटो देशात?

समजा तुम्ही तोंडलीचं बी लावलं. त्यातून उगवलेल्या साधारण निम्म्या वेली नर निघणार. नर वेलीला पांढरी सुंदर फुलं येतील, पण फळ एकही धरणार नाही. आणि उरलेल्या मादी वेलींची फळं आईसारखीच गोड असतील याची हमी नाही. त्यातली एखादी कडू निघू शकते. म्हणजे वर्षभर मांडव अडवून ठेवायचा आणि शेवटी हाती काही नाही.

म्हणून तोंडली बियांनी लावत नाहीत. फाट्याने लावतात. फाटा म्हणजे जुन्या वेलीचा पेन्सिलीएवढा जाड तुकडा, तीन-चार डोळ्यांचा. तो मातीत खोचला की मुळं धरतो. शेजारणीकडे चांगली वेल असली की पावसाच्या तोंडावर जायचं आणि म्हणायचं, वयनी, तेंडलीचो एक फाटो देशात? आणि वयनी विळतीने एक नाही, दोन काढून देते, एक मेला तर दुसरा असावा म्हणून.

आता याचा अर्थ नीट ऐका. फाट्यातून येणारी वेल ही जुन्या वेलीची मुलगी नसते. ती तीच वेल असते, नव्या जागी. म्हणजे कधीतरी, शेकडो वर्षांपूर्वी कोणीतरी रानातल्या कडू वेलींमधून एक कडू नसलेली मादी वेल ओळखली असणार. चव घेतली, खूण केली, फाटा तोडला, दारात लावला. मग तिच्याकडून दुसरीने नेला, तिच्याकडून तिसरीने. लग्न होऊन मुलगी सासरी गेली तर पिशवीत बांधून. आपल्या मांडवावर जी वेल आहे ती अशा एका निवडीचं, मधे एकदाही न तुटलेलं, जिवंत टोक आहे. ही निवड करणाऱ्याचं नाव कुणी लिहून ठेवलं नाही. पण परड्याचं काम कोकणात बहुतेक बायकांच्याच हातात होतं, तेव्हा ती बाई असावी असं मला तरी वाटतं.

इथे बियांशी तुलना करू. काकडीचं, चिबडाचं बी राखेत घोळवून भिंतीला थापून ठेवायचे, पुढच्या मिरगापर्यंत. बी झोपवून ठेवता येतं. अकोले तालुक्यातल्या कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे यांनी देशी बियांची बँक उभी केली आणि २०२० मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली. त्यांचं काम मोठंच आहे. पण तोंडलीची अशी बँक डब्यात किंवा बरणीत करता येत नाही. बी साठवाल, पण तीच वेल त्यातून परत येणार नाही. फाटा आठवड्याभरात वाळतो. तोंडलीची बँक एकच, शेजारणीचं परडं. एका घरातली वेल मेली तर दुसऱ्या घरून फाटा आणायचा. दोन्ही घरं बंद असतील तर संपलं.

आणि कोकणात बंद घरं किती आहेत हे तुम्हाला मी सांगायला नको. पूर्वी गिरणीत आणि आता ऑफिसात, घरचं एक माणूस तरी मुंबईला. घर उघडतं ते गणपतीत आणि मे महिन्यात. माटव घालायला माणूस नाही, न्हाणीचं पाणी नाही कारण न्हाणीच वापरात नाही. मे महिन्यात दहा दिवस येऊन वेल जगत नाही.

धामापूरच्या तळ्याची एक दंतकथा आहे. लग्नकार्य असलं की लोक तळ्याच्या काठी फुलांची परडी ठेवून दागिने मागायचे, आणि तळं सोन्याचे दागिने द्यायचं. कार्य झालं की परत करायचे. एकदा कोणीतरी ते परत केले नाहीत, आणि तेव्हापासून तळ्याने देणं बंद केलं. महाराष्ट्रात बऱ्याच तळ्यांबद्दल ही गोष्ट सांगतात. पण फाट्याच्या बाबतीत ती अक्षरशः खरी आहे. आज तुमची वेल जोमात आहे म्हणून तुम्ही दिलेला फाटा, हा उद्या तुमची वेल मेल्यावर परत येणारा दागिना असतो. देवाणघेवाण थांबली की सगळ्यांचंच संपतं.

हवाईमध्ये हीच वेल खलनायक

आता नाण्याची दुसरी बाजू. जी वेल परड्यात सांभाळावी लागते ती दुसरीकडे आवरत नाही.

खाण्यासाठी म्हणून तोंडली पॅसिफिकमधल्या बेटांवर गेली. तिथे तिला खाणारे किडे नव्हते, रोग नव्हते. १९८० च्या दशकात हवाईतल्या ओआहू बेटावर ती अशी पसरली की झाडं, तारा, कुंपणं सगळं हिरव्या चादरीखाली गेलं. गुआम आणि सायपनवरही तेच. पक्षी लाल फळं खाऊन बिया टाकत गेले आणि तुटलेला प्रत्येक तुकडा मुळं धरत गेला. फाट्याने जगण्याचा जो गुण आपल्याकडे वरदान, तोच तिथे शाप. शेवटी हवाई सरकारने केनियातून, तोंडलीच्या मूळ खंडातून, तिचे शत्रू आणले. १९९६ मध्ये वेल पोखरणारा एक पतंग सोडला, १९९९ मध्ये सोंडकिडे. आजही हवाईत ती उपद्रवी तणांच्या यादीत आहे.

आपले बरेच श्रोते परदेशात आहेत, त्यांच्यासाठी ही गोष्ट महत्त्वाची. भारतीय किराणा दुकानात ‘टिंडोरा’ म्हणून मिळणारी तोंडली खुशाल खा. पण वेल लावायची असेल तर आधी तिथला नियम बघा. आणि जिथे बंदी आहे तिथे फाटा नेऊ नका, अगदी गावची आठवण म्हणूनसुद्धा.

लावायची कशी आणि तोडायची कधी

आता कामाचं. गच्ची असो, बाल्कनी असो की परडं, पद्धत तीच.

फाटा घ्या मादी वेलीचा. ओळखायचं कसं? फुलाच्या मागे बघा. मादी फुलाच्या मागे आधीच एक इवलंसं तोंडलं असतं, नर फुलामागे नुसता देठ. ज्या वेलीची फळं तुम्ही खाल्ली आहेत तिचाच फाटा मागा, म्हणजे प्रश्नच नाही. तीन-चार डोळ्यांचा तुकडा, दोन डोळे मातीत, दोन वर. वेळ जून-जुलै, किंवा पाण्याची सोय असेल तर फेब्रुवारी. कुंडी निदान २० लिटर मातीची. ऊन भरपूर हवं. पाणी साचलं की मुळं कुजतात, म्हणून खाली भोकं हवीतच.

मांडव आधी तयार ठेवा, वेल मग वाट बघत नाही. मोठ्या शेतीत साधारण १० मादी वेलींमागे १ नर वेल ठेवायला सांगतात. पण घरच्या काही वेली परागाशिवायही फळ धरतात, त्यामुळे एकटी वेल लावायला घाबरू नका. दोन-अडीच महिन्यांत फळं सुरू होतात. फळमाशीचा त्रास झाला तर कामगंध सापळा लावा आणि किडकी फळं खाली पडू न देता गोळा करून नष्ट करा.

आणि तोडणी. छोट्या काकडीवर्गातल्या फळांचं सगळं गणित वेळेत असतं. बाटलीत मिळणारं ते ‘गर्किन’ असतं ना, बर्गरमध्ये घालतात ते, त्यातलं बरंचसं म्हणजे साधी काकडीच, फक्त बोटाएवढी असताना तोडलेली. दक्षिणेत, विशेषतः कर्नाटकात, १९९० च्या दशकापासून त्याची शेती होते आणि जवळजवळ सगळा माल परदेशी जातो. तिथे दोन दिवस उशीर झाला की फळाचा दर्जा घसरतो. तोंडलीचंही तसंच. चार ते सहा सेंटीमीटर, टणक, पांढऱ्या रेघा ठळक असताना तोडा. दर तीन-चार दिवसांनी मांडवाखाली फेरी मारा आणि पानं उचलून बघा, कारण ती लपतात. कापल्यावर आत लाल दिसलं तर उशीर झाला समजा. ते मऊ आणि आंबट-गोड लागतं, टाकू नका, चटणीत घाला. आणि वेलीवर फळं पिकू दिली तर नवी कमी येतात, म्हणून तोडत राहणं हीच निगा.

हंगाम संपला की वेल फूट-दोन फूट ठेवून छाटा. तेव्हा जे तुकडे हातात येतील ते कचऱ्यात टाकू नका. तेच फाटे.

खायचं काय? ओल्या काजूगरांबरोबर आणि खोबरं घालून केलेली भाजी, ही मालवणी बाजू. लग्नातला तोंडली घातलेला मसालेभात, ही सगळ्या महाराष्ट्राची. दोन्हींतलं एक तरी करून बघा आणि मग बुद्धीचं काय होतं ते कमेंटमध्ये कळवा.

मग वारसा म्हणजे काय?

शेवटी सुरुवातीच्या प्रश्नाकडे. तळ्याला आपण वारसा म्हणतो, परड्याला काय म्हणायचं?

धामापूरचं तळं पाचशे वर्षं टिकलं कारण गावाने बांध सांभाळला. तळं बांधलं एकदा, पण सांभाळलं दर पावसाळ्यात. तोंडलीचंही तेच आहे. मेघदूतात नाव असून, होर्टुस मलबारिकुसमध्ये चित्र असून, पुण्याच्या प्रयोगशाळेत तिची गुणसूत्रं मोजली जाऊनही तुमच्या घरची गोड वेल यातल्या कशानेही वाचत नाही. ती वाचते ती फक्त कोणीतरी फाटा मागितला आणि कोणीतरी दिला म्हणून. भारतात काकडी-भोपळ्याच्या कुळातल्या ९४ जातींची नोंद आहे. त्यातल्या गोमेटीसारख्या कितीतरी रानवेलींची बोटभर फळं खातात हे आता मोजक्याच लोकांना माहीत उरलंय. गणपतीच्या माटवीला टांगायचं कवंडळही आता बऱ्याच ठिकाणी बाजारातून विकत आणतात. तोंडली अजून तिथवर पोचलेली नाही. ती अजून दारात आहे.

म्हणून या भागाचा गृहपाठ एकच. कुकामेलनचं पाकीट मागवायचं तर मागवा, पण त्याआधी एक फोन करा. गावी आजी असेल, मावशी असेल, काकी असेल, नसेल तर शेजारच्या वाडीतल्या वयनी असतील. विचारा, आपली तोंडलीची वेल आहे का अजून? कुठून आणली होती? त्या ज्या घराचं नाव सांगतील ते लिहून ठेवा. मग त्या घराने कुठून आणली ते विचारा. दोन-तीन घरं मागे गेलात तरी पुष्कळ. आणि गणपतीला गावी जाल तेव्हा परत निघताना ओल्या फडक्यात गुंडाळून दोन फाटे आणा. एक तुमच्या कुंडीत, दुसरा मजल्यावरच्या शेजाऱ्यांना. मुंबईत तुमचा मेला, तर त्यांच्याकडे असेल.

भेटूया पुढच्या भागात. तोवर, काळजी घ्या. नमस्कार!